ऑस्प्रीज: दोन हाडवैरी क्लब जोडून टीम उभी कशी राहिली, आणि आता ती टिकणार का?

सिक्स_नेशन्स_नवखा

मंडळी नमस्कार. रग्बी बघायला लागून मला फार दिवस झालेले नाहीत, आधी नुसतं क्रिकेट एके क्रिकेट होतं, मग सिक्स नेशन्सचा नाद लागला आणि कसं कोण जाणे पण वेल्स आवडायला लागली, ती पण नेमकी ती लागोपाठ 18 टेस्ट हरत होती तेव्हा. ऑक्टोबर 2023 च्या वर्ल्डकप क्वार्टरफायनलपासून सुरू झालेली ती साडेसाती जुलै 2025 ला जपानमध्ये कोबेला एकदाची संपली.

त्याच उन्हाळ्यात लायन्सची (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड मिळून केलेली टीम) टूर बघितली. सुरुवातीच्या स्क्वॉडमध्ये वेल्सचे दोनच जण, आणि टेस्टमध्ये उतरला तो एकटा जॅक मॉर्गन. मग हा कुठे खेळतो म्हणून शोधलं तर ऑस्प्रीज. त्यांचा इतिहास वाचायला घेतला आणि डोकं चक्रावलं. वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंडच्या टीम्सची मिळून असलेली लीग चार वेळा जिंकलेली टीम, एकेकाळी निम्मी-अर्धी नव्हे तर जवळजवळ अख्खी वेल्स टीम यांची, आणि आज स्वॉन्सी सोडून ब्रिजेंडच्या छोट्या ग्राउंडवर खेळतायत, वर वेल्सची रग्बी युनियन (म्हणजे तिथलं बोर्ड) म्हणतेय की चार टीम परवडत नाहीत, तीनच ठेवणार.

तर माझे प्रश्न असे की ही 'रीजन' म्हणजे नक्की काय भानगड आहे, सरळ क्लबच का नाही ठेवले? नीथ आणि स्वॉन्सी एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत म्हणे, मग ते एकत्र नांदले कसे? आणि एवढं सगळं असताना गाडी घसरली कुठे? कुणीतरी नीट समजावून सांगा, विकिपीडिया वाचून तारखा कळतात पण गोष्ट कळत नाही.

स्वॉन्सीकर

नवखा भाऊ, चांगला विषय काढलात. नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षं इथेच आहे त्यामुळे जे बघितलं, ऐकलं ते सांगतो, लांबेल.

आधी मुळातून घ्या. रग्बी युनियन हा खेळ ऑगस्ट 1995 ला प्रोफेशनल झाला. तोपर्यंत वेल्समध्ये सगळा जीव क्लबात होता, आणि क्लब म्हणजे गाव. नीथ 1871 पासूनचा, वेल्समधला सगळ्यात जुना. स्वॉन्सी त्याच्या मागोमाग. 1935 ला याच स्वॉन्सीने ऑल ब्लॅक्सला 11-3 हरवलं, न्यूझीलंडच्या नॅशनल टीमला हरवणारा जगातला पहिला क्लब. त्या मॅचला हाफबॅकची जोडी म्हणून हेडन टॅनर आणि विली डेव्हिस ही दोन मामे-चुलतभावंडं होती, दोघंही गावर्टनच्या शाळेत शिकत होती तेव्हा. शाळकरी पोरांनी आपल्याला हरवलं हे घरी कळू देऊ नका असं न्यूझीलंडच्या कॅप्टनने म्हटल्याचा किस्सा इथे अजून रंगवून सांगतात.

आणि ज्या मैदानावर हे झालं ते सेंट हेलन्स, समुद्राला लागून, तिथेच क्रिकेटही व्हायचं. क्रिकेटवाल्यांना माहीत असेल, 1968 ला सोबर्सने एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले ते याच मैदानावर. (आपल्या शास्त्रीनेही नंतर तो पराक्रम केला आणि पुढे तो याच ग्लॅमॉर्गनकडून खेळायला आला, योगायोग बघा.)

आता नीथ ते स्वॉन्सी अंतर किती, पंधरा किलोमीटरच्या आत. नीथ काळे, स्वॉन्सी पांढरे. नीथ म्हणजे खाणी, टिनप्लेट, कष्टाची रांगडी रग्बी, स्वॉन्सी म्हणजे शहर, बंदर, युनिव्हर्सिटी, जरा मोकळीढाकळी बॅकलाइन, निदान एकमेकांबद्दल बोलताना तरी असंच बोलायचे. नीथने 1990-91 ला पहिली वेल्श लीग जिंकली. नीथ सोडून स्वॉन्सीला गेलेला प्लेअर म्हणजे फितूर, स्कॉट गिब्स असाच गेला होता आणि त्याला त्याबद्दल बरंच ऐकून घ्यावं लागलं.

प्रोफेशनल झाल्यावर पगार आले, पण पैसा कुठून येणार? वेल्सची लोकसंख्या सगळी मिळून 31 लाखाच्या आसपास, त्यातही रग्बीचा पट्टा म्हणजे दक्षिणेतली खोरी आणि किनारा. एवढ्यात नऊ प्रोफेशनल क्लब. कार्डिफ, न्यूपोर्ट, स्वॉन्सी, नीथ, लानेली, ब्रिजेंड, पाँटिप्रिड, एबव्हेल, कार्फिली. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी हौशी पैसेवाला, आणि तो दमला की क्लब खड्ड्यात. 1998-99 ला कार्डिफ आणि स्वॉन्सी तर युनियनशी भांडून अख्खा सीझन इंग्लिश क्लबांशी फ्रेंडली खेळत बसले. असं सगळं चालू होतं.

मग 2002-03 ला युनियनने डेव्हिड मॉफेट नावाचा माणूस चीफ एक्झिक्युटिव्ह म्हणून आणला, न्यूझीलंडमध्ये काम केलेला, कुणाची भीडभाड न ठेवणारा. त्याने सांगितलं की नऊ परवडत नाहीत, थोड्याच टीम ठेवा, त्यात पैसा आणि चांगले प्लेअर एकवटा. खरं तर चार हव्या होत्या, भांडणं होऊन पाच झाल्या. लानेली आणि कार्डिफ अडून बसले आणि एकेकटे राहिले. न्यूपोर्टला एबव्हेल जोडलं, ब्रिजेंडला पाँटिप्रिड, आणि नीथला स्वॉन्सी. कार्फिलीला कुणीच घेतलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नांदले कसे. माझं मत सांगतो, इथले काही जण चिडतील. हे एकच लग्न खऱ्या अर्थाने टिकलं कारण दोन्हीकडची मंडळी जवळपास सारख्या ताकदीची होती आणि कुणीच कुणाला गिळलं नाही. पहिल्या सीझनला कोच नीथचा लिन जोन्स, कॅप्टन स्वॉन्सीचा गिब्स. नीथकडून शेन विल्यम्स, ॲडम जोन्स आले, स्वॉन्सीकडून गॅव्हिन हेन्सन. रंगाची भानगडच नव्हती, काळा आणि पांढरा घेऊन मोकळे झाले. पक्षी स्वॉन्सीच्या चिन्हातला. मॅचेस कधी नीथच्या नॉलवर, कधी सेंट हेलन्सवर. दुसऱ्याच सीझनला, 2004-05 ला, लीग जिंकले. जिंकायला लागल्यावर माणसं जुनं बरंच विसरतात.

2005 ला लिबर्टी स्टेडियम झालं, फुटबॉलवाल्या स्वॉन्सी सिटीबरोबर शेअरिंगमध्ये, वीसेक हजार माणूस मावेल असं. नावातून नीथ-स्वॉन्सी गळून पडलं, नुसतं ऑस्प्रीज राहिलं. नोव्हेंबर 2006 ला तिथे टूरवर आलेल्या ऑस्ट्रेलिया ए टीमला 24-16 हरवलं. 2006-07 ला परत लीग. 2008 ला ट्विकनहॅमला लेस्टरला हरवून अँग्लो-वेल्श कप (इंग्लंड आणि वेल्सच्या टीम्सचा). आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच ट्विकनहॅमवर, वेल्सने इंग्लंडला 26-19 हरवलं तेव्हा सुरुवातीच्या पंधरात तेरा ऑस्प्रीज होते. तेरा! त्या वर्षी ग्रँड स्लॅम झाला, म्हणजे सिक्स नेशन्सच्या सगळ्या मॅच जिंकल्या.

पुढचं दुसरे सांगतीलच, मला ट्रेन पकडायचीय.

पाँटीचा_पंखा

स्वॉन्सीकर दादा, छान लिहिलंत पण "ब्रिजेंडला पाँटिप्रिड जोडलं" असं एका ओळीत उरकलंत तुम्ही. तिथेच तर सगळी मेख आहे.

पाँटिप्रिड 1996 ला वेल्श कप जिंकलेला, 1997 ला लीग जिंकलेला क्लब. नील जेन्किन्स त्यांचा. त्यांच्या सार्डिस रोडच्या ग्राउंडवर कुणी हसत खेळत जायचं नाही. अशा क्लबला ब्रिजेंडशी बांधून सेल्टिक वॉरियर्स नावाची टीम केली आणि एका सीझनमध्ये, एका! 2004 च्या उन्हाळ्यात गुंडाळून टाकली. पाँटिप्रिड पैशात बुडाला, त्याचा हिस्सा ब्रिजेंडच्या मालकाकडे गेला, त्याने तो युनियनला दिला आणि युनियनने शटर ओढलं. आणि टीम काही रद्दी नव्हती हो. हायनेकेन कपात (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) इंग्लंडच्या वॉस्प्सला त्यांच्या घरी जाऊन हरवलं होतं, आणि त्या वर्षीचा कप जिंकला कुणी, तर त्याच वॉस्प्सने. (वॉस्प्स पण पुढे 2022 ला दिवाळखोरीत गेले तो भाग वेगळा.)

आणि प्लेअर वाटून घेतले. गॅरेथ थॉमस तुलूझला गेला. रायन जोन्स, सॉनी पार्कर ऑस्प्रीजकडे. हाच रायन जोन्स 2008 च्या ग्रँड स्लॅमचा कॅप्टन. म्हणजे ते जे तेरा तेरा म्हणून नाचतात त्यात आमच्या मोडलेल्या घरातल्या वस्तूपण आहेत.

वर ब्रिजेंडचा प्रदेश कागदावर ऑस्प्रीजला, पाँटिप्रिडचा कार्डिफला. वर्षानुवर्षं ज्या कार्डिफला शिव्या घातल्या त्याला आता टाळ्या वाजवा म्हणे. ऱ्होंडा खोऱ्यातले कितीतरी लोक त्यानंतर प्रोफेशनल रग्बीच्या वाटेला गेलेच नाहीत. वेल्सची मॅच असली की लाल जर्सी घालून येतील, पण रीजनचं तिकीट काढणार नाहीत. पहिली वीट तिथे निखळली, बाकी सगळं नंतरचं.

आता मजा बघा, ऑस्प्रीज 2025-26 चा सीझन जिथे खेळतायत ते ब्रिजेंडचं ब्रुअरी फील्ड म्हणजे वॉरियर्सचं एक घर. प्रोफेशनल रग्बी तिथे परत आली, पण दुसऱ्याच्या नावाने.

सिक्स_नेशन्स_नवखा

बापरे. म्हणजे पाचाचे चार एका वर्षात झाले होते तर. मग आता चाराचे तीन होताना लोक का भडकलेत ते कळलं. पण स्वॉन्सीकर म्हणतात तसं जर ऑस्प्रीज 2008 ला एवढे भारी होते तर युरोपात काहीच का जिंकले नाहीत? आणि ते सगळे स्टार गेले कुठे?

हिशेबनीस

युरोपाचं सांगतो. तीन वर्षं लागोपाठ हायनेकेन कपाची क्वार्टरफायनल. 2008 ला सारासेन्सकडून हरले, ज्यांना दोनच आठवडे आधी त्या अँग्लो-वेल्श कपच्या सेमीफायनलला हरवलं होतं. 2009 ला मन्स्टरने 43-9 असं धुतलं. 2010 ला बियारित्झकडून 29-28, एका पॉइंटने, तेही स्पेनमध्ये सॅन सेबास्टियनला. त्यानंतर तिथवर पोचलेच नाहीत. आणि टीममध्ये कोण कोण होते बघा: जस्टिन मार्शल, मार्टी होला, जेरी कॉलिन्स असले ऑल ब्लॅक्स, आयर्लंडचा टॉमी बो, आणि वेल्सचे हुक, फिलिप्स, बर्न, हेन्सन, शेन, ॲडम जोन्स, ॲलन विन जोन्स. पेपरवाले गॅलॅक्टिकोज म्हणायचे, अर्धं कौतुकाने अर्धं टोमणा म्हणून.

कारण म्हणाल तर माझ्या मते कॅलेंडर. हे नीट समजून घ्या कारण इथे सगळे भावनेवर बोलतात आणि गणित कुणी मांडत नाही. वेल्स टीमचा कॅम्प लागला की तेरा-चौदा जण उचलून नेणार, शरद ऋतूतल्या टेस्ट, मग सिक्स नेशन्स, वर्ल्डकप असेल तर आणखी. म्हणजे ज्यांना बघायला लोकांनी सीझन तिकीट काढलं ते अर्धा सीझन दिसणारच नाहीत, आणि परत येतील ते दमून किंवा पट्टी बांधून. तोवर लीगच्या मॅचेस दुसरी फळी खेळणार, हरणार, गर्दी आटणार. युनियन त्या बदल्यात पैसे देते, पण किती द्यायचे यावरूनच तर गेली वीस वर्षं रडारड चालू आहे. युनियनचं उत्पन्न येतं ते कार्डिफच्या मोठ्या स्टेडियममधल्या वेल्सच्या मॅचेसमधून, आणि त्यातून रीजन, छोटे क्लब, महिला रग्बी, स्टेडियमचं कर्ज सगळं भागवायचं.

आणि स्टार कुठे गेले, तर फ्रान्सला. 2011 ला एकाच झटक्यात बर्न क्लेरमाँला, हुक पर्पिन्यांला, फिलिप्स बायोनला. त्याच डिसेंबरात रीजन्सनी ठरवलं की पुढच्या सीझनपासून पगाराला 35 लाख पौंडांची कॅप. शहाणपणाचं होतं, नाहीतर बुडाले असते, पण त्या दिवसापासून फ्रेंच क्लबांशी बरोबरी संपली.

तरी गंमत अशी की त्याच सीझनच्या शेवटी सगळ्यात भारी मॅच झाली. मे 2012, लीगची फायनल डब्लिनला लेन्स्टरच्या घरच्या आरडीएस ग्राउंडवर. लेन्स्टर आठवडाभर आधीच युरोपचा कप जिंकून आलेले, घरचं मैदान, सगळ्यांनी त्यांचं नाव कोरून ठेवलेलं. शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना शेन विल्यम्स कोपऱ्यात ट्राय टाकतो, ऑस्प्रीजकडून त्याची शेवटची मॅच, तरी एक पॉइंट मागेच, आणि मग 22 वर्षांचा डॅन बिगर अगदी टचलाइनजवळून कन्व्हर्जन घालतो. 31-30. दोन वर्षं आधी, 2010 ला, त्याच मैदानावर त्याच लेन्स्टरला 17-12 हरवून लीग जिंकलेली. लेन्स्टरच्या घरात जाऊन दोनदा. 2012 चा तो चौथा आणि आतापर्यंतचा शेवटचा किताब.

तेव्हाचा कोच होता स्टीव्ह टँडी, फेब्रुवारीत मध्येच सूत्रं हातात आलेली, नीथजवळच्या टॉनमॉरचा. तोच जुलै 2025 ला वेल्सचा हेड कोच झाला.

बाकी 2023 च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या मॅचआधी प्लेअर संपावर जायला निघाले होते तेही याच पैशापायी. कॉन्ट्रॅक्ट संपत आलेली, नवी कुणी देईना, घराचे हप्ते कसे भरायचे हा प्रश्न. तेव्हाच देशाबाहेर खेळणाऱ्यांना वेल्स टीममध्ये घ्यायला 60 कॅपची (वेल्सकडून 60 टेस्टची) अट होती ती 25 वर आणली. म्हणजे दार आणखी मोकळं झालं.

गावर्टनची_आई

तुमचं गणित वाचतेय. मी जरा वेगळ्या टोकाने सांगते. माझा मुलगा इथल्या एका गावच्या क्लबला खेळतो, अंडर-14, त्यामुळे रविवारची सकाळ माझी चिखलात जाते.

टीव्हीवर दिसत नाही ती गोष्ट ही की ऑस्प्रीज म्हणजे फक्त शुक्रवारी रात्री खेळणारी पंधरा माणसं नाहीत. खाली एक अख्खी उतरंड आहे. पोरगं सहा-सात वर्षांचं असताना गावच्या क्लबात मिनी रग्बी सुरू करतं. मग शाळेकडून, मग जिल्ह्याच्या शाळांची अंडर-15 टीम, तिची ड्यूअर शील्ड नावाची स्पर्धा असते, जुनी आणि मानाची. तिथे कुणाच्या नजरेत भरलं तर रीजनची अंडर-16, अंडर-18, कॉलेजच्या टीम्स, मग ॲकॅडमी. नीथजवळ लँडार्सीला वर्षानुवर्षं ऑस्प्रीजचं ट्रेनिंग चालायचं, तिथल्या पार्किंगमध्ये गाडीत बसून थर्मासमधला चहा पीत वाट बघणारे आईबाप हा पण या रग्बीचा एक भाग आहे, त्यांच्यात मीही.

परवा ग्रुप सेशनला एका कोचने पोरांना नुसतं पडायला शिकवलं. टॅकल झाल्यावर अंग कसं वळवायचं, बॉल आपल्या टीमच्या बाजूला लांब कसा ठेवायचा, एवढंच, तासभर. बॉल पोटाखाली ठेवून पडलेल्याला तो शिट्टी वाजवून उठवायचा आणि परत पाडायचा. माझा मुलगा घरी येऊन गालिच्यावर पडून दाखवत होता. म्हटलं सोफ्याला लागेल.

टॅनर आणि डेव्हिसच्या त्याच गावर्टनच्या शाळेतून डॅन बिगर आला. जस्टिन टिप्युरिक ट्रेबॅनोसचा, केवढंसं गाव ते, आणि 2025 ला रिटायर होईपर्यंत प्रोफेशनल म्हणून दुसरी टीम केली नाही त्याने. ॲलन विन जोन्स इथलाच, वेल्सकडून 158 टेस्ट, जगात कुणाच्या नाहीत इतक्या जेव्हा तो थांबला तेव्हा. हे सगळे त्याच उतरंडीतून आले. मॉर्गन मात्र आधी स्कार्लेट्सच्या (लानेलीची टीम) ॲकॅडमीतला, 2021 ला इकडे आला, ते त्यांच्या लोकांना अजून झोंबतं.

आता पश्चिमेला एकच टीम ठेवली तर ही उतरंड कोण चालवणार? कागदावर म्हणतात ॲकॅडम्या राहतील. पण वर जिंकणारी टीम आपल्या गावची नसेल तर पोराने कुणाकडे बघून पळायचं? माझ्या मुलाच्या खोलीत मॉर्गनचं पोस्टर आहे कारण तो त्याला एकदा शाळेत भेटलाय. लानेलीला बसून कुणी इतकं येणार नाही.

लाल_जर्सी_लानेली

ताई, लानेलीबद्दल असं नका हो बोलू, आम्हीपण माणसंच आहोत 😄

मी स्कार्लेट्सवाला आहे, लपवत नाही. स्वॉन्सीकर म्हणाले "अडून बसले आणि एकटे राहिले", बरोबर, बसलो अडून. 31 ऑक्टोबर 1972 ला आमच्या जुन्या स्ट्रेडी ग्राउंडवर कोच कार्विन जेम्सच्या टीमने ऑल ब्लॅक्सना 9-3 हरवलं ते काय दुसऱ्याशी जोडून घ्यायला? आणि त्याचं फळही दिसलं. रीजन सुरू झाल्यावरची पहिलीच लीग 2003-04 ला आम्ही जिंकली. 2016-17 ला सेमीफायनलला लेन्स्टरकडे जाऊन निम्मी मॅच चौदा जणांनी खेळून जिंकलो आणि फायनलला मन्स्टरला 46-22. 2018 ला युरोपच्या सेमीत. नाव तेच, गाव तेच, गाणं तेच, फक्त 2008 ला ग्राउंड बदललं. लोकांना आपण कुणाला सपोर्ट करतोय हे समजावून सांगावं लागलं नाही.

आयर्लंडचं उदाहरण सगळे देतात की बघा चार प्रांत, युनियनने चालवलेले, कसे झकास. पण मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर, कॉनॉक्ट हे रग्बीच्या कितीतरी आधीपासूनचे. तिथल्या माणसाला आपण मन्स्टरचे आहोत हे रग्बीने नाही शिकवलं. त्यांनी जुन्या घराला नवा मजला चढवला, इथे मोकळ्या माळावर आधी छप्पर टांगलं. ऑस्प्रीजवाले आपल्या प्रदेशाला 'ऑस्प्रीलिया' म्हणतात, ठीक आहे, पण बसस्टॉपवर एखाद्या आजोबांना विचारा तुम्ही ऑस्प्रीलियाचे का म्हणून.

स्वॉन्सीकर

परत आलो. लानेलीकर, तुमचा मुद्दा अर्धा पटतो. अर्धा नाही, कारण नाव जुनं आणि गाव जुनं असूनही कार्डिफचं काय झालं बघा. 2010 आणि 2018 ला चॅलेंज कप (युरोपची दुसऱ्या पायरीची स्पर्धा) जिंकलेली टीम, राजधानीची, एकट्याची, कुणाशी जोडलेली नाही. तरी एप्रिल 2025 ला ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये (पैसे संपून प्रशासकाच्या ताब्यात) गेली आणि युनियनला विकत घ्यावी लागली. न्यूपोर्टची ड्रॅगन्स 2017 ला युनियनने घेतली, 2023 ला परत खाजगी हातात. म्हणजे ओळख पक्की असली की भागतं असं नाही. प्रदेश छोटा, पैसा छोटा, आणि लीगमध्ये आता 2021 पासून दक्षिण आफ्रिकेच्या टीम्स, म्हणजे शनिवारी प्रिटोरियात उंचावर खेळायचं ते बजेट कुठून आणणार. 2024 च्या आसपास एकेका वेल्श टीमचं प्लेअर बजेट 45 लाख पौंडांवर आलं होतं. तशातही ऑस्प्रीज 2023-24 ला क्वार्टरफायनलला गेले, मन्स्टरकडे जाऊन हरले, पण गेले. चारातला दुसरा कुणी गेला नाही.

आमची खरी गडबड मला वाटते ती स्टेडियमची. लिबर्टी फुटबॉलसाठी झक्कास, पण पाच-सहा हजार माणसं वीस हजार खुर्च्यांत बसली की काय होतं ते अनुभवायला हवं. पावसाळी शुक्रवार, समोरचा अख्खा स्टँड रिकामा, आणि स्क्रम-हाफ फॉरवर्ड्सवर ओरडतोय ते शब्दन् शब्द वरच्या रांगेत ऐकू येतंय, लाइनआउटचा कॉलसुद्धा. शेजारचा नीथवाला म्हातारा दर वेळी तेच म्हणायचा की नॉलवर असते एवढी माणसं तर रेफरीला शिट्टी ऐकू आली नसती. म्हणून सेंट हेलन्सला परत जायचं, ते नव्याने बांधायचं, असं कौन्सिल आणि टीमने मिळून ठरवलं. त्यासाठी क्रिकेटला तिथून हलावं लागलं, ते मला वैयक्तिक वाईट वाटलं, पण इलाज नव्हता. सेंट हेलन्स तयार होईपर्यंत ब्रिजेंड, अशी योजना. आणि ब्रिजेंडला खरंच बरं वाटतं, छोटं ग्राउंड, लोक रेलिंगला टेकून, आवाज घुमतो.

पाँटीचा_पंखा

बरं वाटतं म्हणजे आमच्या जमिनीवर बरं वाटतं 😏

स्वॉन्सीकर

ब्रिजेंड तुमची जमीन कधीपासून? 2003 ला तर तुम्ही म्हणत होतात आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही 😄

पाँटीचा_पंखा

ते पण खरंय.

सिक्स_नेशन्स_नवखा

😄 तुमचं चालू द्या. पण मला अजून एक सांगा, ऑस्प्रीज आणि स्कार्लेट्स एकत्र करायची गोष्ट आधी पण झाली होती ना?

हिशेबनीस

हो, मार्च 2019. आणि टायमिंग बघा, वेल्स ग्रँड स्लॅमच्या उंबरठ्यावर, स्कॉटलंडच्या मॅचला चार-पाच दिवस, आणि बातमी फुटली की ऑस्प्रीज आणि स्कार्लेट्सचं विलीनीकरण करून उत्तर वेल्सला नवीन टीम द्यायचा विचार आहे. कॅम्पमध्ये दोन्हीकडचे प्लेअर एकाच टेबलावर जेवतायत आणि कुणाची नोकरी राहणार कळत नाही. ऑस्प्रीजच्या चेअरमनने त्या आठवड्यात राजीनामा दिला, ठराव बारगळला, वेल्सने तरीही ग्रँड स्लॅम मारला. पुढच्या वर्षी वाय-इलेव्हन नावाच्या कंपनीने ऑस्प्रीज घेतली.

उत्तर वेल्सचा मुद्दा तसा अगदीच हवेतला नाही. कॉल्विन बेला आरजीसी नावाची टीम आहे, 2008 पासून युनियनने उभी केलेली, 2017 ला त्यांनी वेल्सचा नॅशनल कप जिंकला. पण तिथे प्रोफेशनल टीम न्यायची म्हणजे दक्षिणेतली एक मारायची, आणि ते कुणाला सांगणार.

आता ऑक्टोबर 2025 ला युनियनने जाहीर केलं की तीन. एक कार्डिफ, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. त्याआधी उन्हाळ्यात तर दोनाचीच भाषा चालली होती, मग ओरड झाली. पश्चिमेला एक म्हणजे ऑस्प्रीज की स्कार्लेट्स, एवढाच उरतो प्रश्न. युनियनने कार्डिफ स्वतः घेतल्यावर बाकीच्यांना समान वागणूक कशी मिळणार म्हणून या दोघांनी नव्या करारावर सही केली नव्हती, कार्डिफ आणि ड्रॅगन्सने केली. आता त्याच दोघांना एका खुर्चीभोवती फिरवतायत, ते योगायोगाने झालं असं मानायला मी तयार नाही.

लाल_जर्सी_लानेली

या बाबतीत मात्र ऑस्प्रीजवाल्यांशी माझं एकमत. इतकी वर्षं त्यांना हरवण्यात जी मजा आली ती अजून कुणाला हरवण्यात नाही. बॉक्सिंग डेची डर्बी घ्या, वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी दोघांची त्याच दिवशी. एक टीम बंद केली तर दुसरीची ती गर्दी पण जाणार, हे साधं कुणाला कळत नाहीये का? नीथवाला स्वॉन्सीशी जुळवून घेऊ शकला कारण दोघांनी नवीन नाव घेतलं. ऑस्प्रीजवाला लाल जर्सी घालेल असं ज्याला वाटतं त्याने एकदा आमच्या ग्राउंडवर येऊन त्यांच्या कोपऱ्यात उभं राहावं.

गावर्टनची_आई

नीथचं पण कुणीतरी बोला ना. 2024 ला सेमी-प्रोफेशनल सुपर रग्बी कमरी सुरू झाली, दहा टीम्स, स्वॉन्सी आहे, ब्रिजेंड, पाँटिप्रिड, एबव्हेल आहेत, अगदी आरजीसी आहे. नीथ नाही. वेल्समधला सगळ्यात जुना क्लब. ज्या दोघांनी मिळून ऑस्प्रीज केली त्यातला एक दुसऱ्या पायरीवर पण नाही. माझे सासूसासरे नीथचे, घरात हा विषय काढायची सोय नाही.

स्वॉन्सीकर

ताई, बरोबर बोललात. आणि म्हणूनच मी "कुणी कुणाला गिळलं नाही" म्हणालो ते पहिल्या दोन-तीन सीझनपुरतं. स्टेडियम स्वॉन्सीला झालं तेव्हाच नीथचा तराजू वर गेला होता.

नवखा भाऊ, बघायला सुरुवात करायची तर 2012 ची फायनल पूर्ण बघा, हायलाइट्स नको. नुसती बिगरची किक बघून उपयोग नाही, त्याआधी अर्धा तास ऑस्प्रीजचा स्क्रम लेन्स्टरला कसा मागे रेटतो ते बघा, ॲडम जोन्स तेव्हा भरात होता. आणि मग लायन्सची मेलबर्नची दुसरी टेस्ट, शेवटच्या मिनिटाला मॉर्गन तो रक (पडलेल्या बॉलभोवतीची झटापट) साफ करतो ते. ऑस्ट्रेलियावाले अजून म्हणतात फाउल होता. इथे त्यावर बोलू नका, वेगळा धागा काढा, मागच्या वेळी ॲडमिनने कुलूप लावलं होतं.